वाचकांचे प्रश्न : कँटोनीजमधला ‘आन’

ग्वांगझोउ, हाँगकाँग आणि मकाव इथे बोलल्या जाणाऱ्या कँटोनीज भाषेतल्या ‘आन’ या एकाच शब्दाविषयी बरेच प्रश्न आले, म्हणून या वेळचे सगळे पान त्यालाच दिले आहे. चिनी गद्यात आज हा शब्द क्वचितच दिसतो. कँटोनीज घरात मात्र तो दुपारच्या जेवणाला लागतो.

उच्चार लिहिण्याची पद्धत आधी सांगतो. अवयवाच्या (एका दमात उच्चारल्या जाणाऱ्या शब्दखंडाच्या) पुढचा आकडा हा सुराचा आकडा आहे. हाँगकाँगच्या भाषाशास्त्र संस्थेने १९९३ मध्ये आणलेल्या युतपिंग पद्धतीत सहा सूर आहेत, तेच इथे वापरले आहेत. क, त, प हे मराठीसारखेच अल्पप्राण म्हणायचे, ख, थ, छ महाप्राण. ‘च’ येईल तिथे तो ‘चमचा’मधला च आहे, ‘चहा’मधला नव्हे.

प्रश्न : एका जुन्या चिनी उताऱ्याचा अनुवाद करताना हा शब्द भेटला. कोशात पहिला अर्थ ‘निरभ्र, शांत’ असा आहे, पण माझ्या उताऱ्यात ‘उशीर’ हाच अर्थ बसतो. कोणता धरायचा?

उत्तर : दोन्ही अर्थ जुने आहेत आणि दोन्ही खरे आहेत. अक्षराची घडण पाहा. वर ‘सूर्य’, खाली ‘शांती’ हे अक्षर, म्हणजे छपराखाली स्त्री. एकूण दहा रेघा. शू शनच्या इसवी सन १००च्या सुमाराच्या कोशात याचा अर्थ ‘आकाश निरभ्र असणे’ असा दिला आहे, आणि सूर्य हा अर्थासाठी, खालचा भाग ध्वनीसाठी, अशी फोड केली आहे. निरभ्र आकाशावरून शांत समुद्र, शांत राज्य, निवांत मन अशी अर्थाची एक फांदी गेली. दुसऱ्या फांदीवर ‘दिवस बराच वर आलेला असणे’ आणि म्हणून ‘उशीर’.

कोणती फांदी धरायची, हे शेजारचे शब्द सांगतात. उठणे, परतणे, निघणे अशा क्रियापदाला हा शब्द लागून आला असेल, तर उशीर. समुद्र, आकाश, राज्य यांचे वर्णन करत असेल, तर शांत. दुहेरी आला (आन३ आन३) किंवा पुढे ‘यु४’ हा प्रत्ययासारखा शब्द आला, तर मनाची निवांत, प्रसन्न स्थिती. कवी ताओ युआनमिंगच्या लेखातल्या ‘पाच विलोवृक्षांच्या गृहस्था’कडे भाताची टोपली आणि पाण्याचा भोपळा वारंवार रिकामा असतो, तरी तो ‘आन३ यु४’ असतो. इथे ‘उशीर’ घातला तर वाक्य कोसळते. मराठीत ‘तरी त्याचे चित्त स्वस्थ’ असे जमते. ‘होइ२ आन३ हो४ छिङ१’ हा चार अक्षरी वाक्प्रचारही याच फांदीवरचा. शब्दशः ‘समुद्र शांत, नदी निवळ’, आणि आशय असा की राज्यात सुबत्ता आहे, कुठे बंडाळी नाही. गढूळपणासाठी प्रसिद्ध असलेली पीत नदी निवळ वाहते आहे, ही त्यातली अतिशयोक्ती अनुवादात हरवू देऊ नये.

‘उशीर’ या अर्थाचे सर्वांत सुटसुटीत उदाहरण कन्फ्यूशियसच्या वचनसंग्रहात तेराव्या भागात आहे. शिष्य रान यौ दरबारातून परततो आणि गुरू विचारतात, ‘हो४ आन३ या५?’ म्हणजे ‘का रे, इतका उशीर?’ शिष्य म्हणतो, राज्यकारभाराचे काम होते.

इथे एक सापळा आहे. इसवी सन २४९ मध्ये मारल्या गेलेल्या एका विद्वानाचे नाव मँडरिनमध्ये ह येन, कँटोनीजमध्ये हो४ आन३, आणि त्या नावाची दोन्ही अक्षरे ‘का उशीर’ याच अक्षरांची आहेत. भर म्हणजे याच वचनसंग्रहावरच्या जुन्या टीकांचे संकलन त्याच्याच नावाने ओळखले जाते. सटीप आवृत्तीत ती दोन अक्षरे दिसली की यंत्र-अनुवाद कधी माणसाचा प्रश्न करतो, तर कधी प्रश्नाचा माणूस. मूळ वचनात शेवटी ‘या५’ हा भावदर्शक निपात आहे, नावाच्या मागे तो नसतो. तेवढे तपासले तरी पुरते.

प्रश्न : मी कँटोनीज शिकते आहे. ‘उशीर’साठी मला ‘छि४’, ‘ये६’ आणि ‘आन३’ असे तीन शब्द मिळाले. तिन्ही सारखेच का? चुकले तर किती बिघडते?

उत्तर : सारखे नाहीत, आणि चुकले तर समोरचा चुकीच्या वेळी वाट पाहत बसतो. मराठीत तिन्ही ठिकाणी ‘उशीर’ चालत असल्याने मराठी माणसाची इथे हमखास गल्लत होते.

‘छि४’ हा ठरलेल्या वेळेशी मोजलेला उशीर. नऊची बैठक आणि तुम्ही नऊ वीसला पोचलात, तर ते ‘छि४ तोउ३’, उशिरा पोचणे. तिथे ‘आन३’ कुणी म्हणत नाही. ‘ये६’ म्हणजे रात्र, आणि विशेषण म्हणून ‘रात्री फार उशिरा’. मध्यरात्री घरी आलात, तर ‘होउ२ ये६’. ‘आन३’ हा सूर्याशी मोजलेला उशीर. उन्हं चांगली वर आली, सकाळ सरली, दिवस पुढे गेला, हा त्याचा गाभा. अकरा वाजता उठलेल्या माणसाबद्दल ‘हेइ२ सन१ हेइ२ तक१ होउ२ आन३’ म्हणतात : उठला तो चांगला उन्हं वर आल्यावर. त्याला कुठे पोचायचे नव्हते, सुट्टी होती, तरीही ‘आन३’च. घड्याळाचा इथे संबंध नाही.

‘ती१’ (थोडे) जोडल्यावर हा फरक रोजच्या व्यवहारात आडवा येतो. सकाळी फोनवर ‘आन३ ती१’ बोलू म्हणालात, तर ऐकणारा आजच, दिवस मावळायच्या आत फोन येईल असे धरतो. ‘ये६ ती१’ म्हणालात तर रात्री. ‘छि४ ती१’ म्हणालात तर पुढे केव्हातरी, मग उद्या असेल, पुढचा आठवडा असेल. काम टाळायला लोक ‘छि४ ती१’ वापरतात, ‘आन३ ती१’ नाही, कारण त्यात आजचा दिवस बांधला गेलेला असतो. पुरवठादाराने ‘आन३ ती१’ माल पाठवतो म्हटले आणि संध्याकाळपर्यंत हालचाल दिसली नाही, तर आठवण करून देण्यात गैर काही नाही.

बाकी व्याकरण सोपे आहे. ‘इतका उशीर’ म्हणजे ‘कम३ आन३’. इथे सूर सांभाळा, कारण ‘कम३’ म्हणजे ‘इतका’ आणि ‘कम१ यत६’ म्हणजे ‘आज’. स्वर-व्यंजने तीच, फक्त सूर वेगळा. तुलना ‘क्वो३’ने होते : ‘कम१ यत६ आन३ क्वो३ छम४ यत६’, आज कालच्यापेक्षा उशीर. ‘तसा उशीर नाही झाला’ यासाठी ‘म्४ स्युन३ आन३’.

नाम म्हणून हा शब्द दुपारकडे सरकतो. ‘आन३ चौ३’ म्हणजे मध्यान्ह आणि दुपार. वेळ सांगताना तो तासाच्या आधी येतो, ‘आन३ चौ३ साम१ तिम२’ म्हणजे दुपारी तीन. क्रम मराठीसारखाच, त्यामुळे पटकन अंगवळणी पडतो. ‘सिक६ आन३’ म्हणजे दुपारचे जेवण घेणे, ‘फन३ आन३ काउ३’ म्हणजे वामकुक्षी. जेवण झाले का, हे विचारताना पूर्णत्वाचा ‘चो२’ क्रियापद आणि नाम यांच्या मध्ये बसतो : ‘सिक६ चो२ आन३ मेइ६?’ नवशिके ‘सिक६ आन३ चो२’ म्हणतात ते चूक. ‘सिक६ आन३’ हा एक शब्द नसून ‘खाणे’ आणि ‘दुपारचे’ अशी जोडी आहे, ती फोडता येते आणि इथे फोडावीच लागते.

आता गुरूंचा प्रश्न पुन्हा वाचा. ‘हो४ आन३ या५?’ शेजारी आजचे ‘कम१ यत६ कम३ आन३ के२?’ (‘आज एवढा उशीर कसा?’) ठेवले, तर मधल्या अडीच हजार वर्षांत प्रश्नार्थक शब्द गेला, शेवटचा निपात बदलला, नेमका शब्द जागेवर राहिला. या एका जोडीसाठी तरी हा शब्द शिकणाऱ्याने पाठ करावा असे आम्हाला मनापासून वाटते.

प्रश्न : काही लोक ‘आन’ म्हणतात, काही ‘ङान’. बरोबर काय? आणि माझा उच्चार ऐकून समोरच्याला वेगळाच शब्द का वाटतो?

उत्तर : ‘आन३’ हा नियमाला धरून असलेला उच्चार. जुन्या ध्वनिकोशांच्या हिशेबाने या शब्दाच्या आरंभी ‘ङ’ नव्हता, कंठद्वाराचा हलका अडथळा होता. अशा शब्दांना कँटोनीजमध्ये १, २ आणि ३ हे वरचे सूर मिळाले. ज्यांच्या आरंभी मुळात ‘ङ’ होता त्यांना साधारण ४, ५ आणि ६ हे खालचे सूर मिळाले. म्हणून सूर कळला की ‘ङ’ हवा की नको हेही बहुतेक वेळा कळते. प्रत्यक्षात अनेक लोक वरच्या सुरांच्या शब्दांनाही ‘ङ’ लावतात, आणि ‘ङान३’ सहज समजते. शिकणाऱ्याने मात्र ‘आन३’च धरावे, आणि त्याचे कारण तुमच्या दुसऱ्या प्रश्नात आहे.

‘ङ’ लावला आणि सूर घसरला की शब्दच बदलतो. ‘ङान६’ म्हणजे रानहंस, ‘ङान५’ म्हणजे डोळा, ‘ङान४’ म्हणजे रंग किंवा चेहरा. मराठी बोलताना वाक्याच्या शेवटी आवाज आपोआप खाली येतो, त्यामुळे तिसरा सूर सहाव्यावर जाऊन बसतो. प्रश्न विचारताना आवाज वर चढतो आणि सूर पाचव्यासारखा ऐकू येतो. ‘ङ’ नसेल तर सूर थोडा घसरला तरी ऐकणाऱ्याला अंदाज बांधता येतो, कारण ‘आन’ला खालच्या सुरांत स्पर्धक शब्द नाहीत.

तिसरा सूर सपाट आणि मधल्या उंचीचा आहे. तो पकडायला आकड्यांची मदत घ्या : ‘साम१’ (तीन), ‘सेइ३’ (चार), ‘यि६’ (दोन). या तीन पायऱ्या आहेत, वरची, मधली आणि खालची, आणि तिन्ही सपाट. त्या याच क्रमाने दहा-बारा वेळा म्हणा, मग ‘सेइ३’च्या जागी ‘आन३’ ठेवा : साम१, आन३, यि६. ध्वनिमुद्रण करून ऐका. ‘आन’चा शेवट ‘यि’च्या उंचीला टेकत असेल, तर तो घसरतो आहे.

शेवटच्या ‘न’कडेही लक्ष हवे. जीभ दातांमागे टेकली पाहिजे, अनुस्वार चालणार नाही. पुढे ‘क’ आला की मराठी जीभ सवयीने ‘अंक’मधला ङ् करते, आणि ‘आन३ का३’चे ‘आङ्का’ होते. या दोन अवयवांमध्ये सुरुवातीला क्षणभर थांबून सराव करावा.

प्रश्न : मँडरिन येत असल्याने मी हे अक्षर ‘यिन३’ असे वाचले, आणि शिक्षकांनी ‘मेजवानी’ म्हणून हसत दुरुस्त केले. असे का?

उत्तर : कारण मेजवानीचे अक्षर याचेच भावंड आहे. दोन्हींत तेच तीन भाग, सूर्य, छप्पर आणि स्त्री, आणि रेघाही दोन्हींत दहाच. फक्त क्रम वेगळा. आपल्या अक्षरात सूर्य छपरावर आहे. मेजवानीच्या अक्षरात तो छपराखाली, स्त्रीच्या डोक्यावर. मँडरिनमध्ये दोन्हींचा उच्चार आणि सूर एकच, ‘येन’, चौथा सूर. कँटोनीजमध्ये मात्र आपला शब्द ‘आन३’ आणि मेजवानी ‘यिन३’. मँडरिनवरून उच्चाराचा अंदाज बांधला की गाडी हमखास मेजवानीला पोचते. खालच्या ‘शांती’च्या अक्षरावरूनही अंदाज बांधू नका, त्याचा उच्चार ‘ओन१’ आहे.

टंकलेखनात मँडरिनच्या उच्चारावरून टाइप केले, तर दोन्ही अक्षरे एकाच यादीत शेजारी येतात आणि चुकीचे निवडले जाते. च्यू बोंगफू यांनी १९७६ मध्ये तयार केलेल्या छांगच्ये पद्धतीत ही अडचणच उरत नाही, कारण तिथे आकारावरून टाइप करतात. आपले अक्षर ‘सूर्य, दहा, स्त्री’ (कळा ए, जे, व्ही), मेजवानीचे ‘दहा, सूर्य, स्त्री’ (जे, ए, व्ही). छपराची खूण ‘दहा’च्या कळीवर असते. कळांचा क्रम म्हणजेच अक्षराची वरून खाली रचना, त्यामुळे पाठांतरासाठीही हीच युक्ती वापरता येते.

‘शी चिंग’ या प्राचीन गीतसंग्रहातल्या ५८ व्या गीतात दोन्ही अक्षरे लागोपाठच्या ओळींत आली आहेत. फसवली गेलेली पत्नी बालपण आठवते : ‘चुङ२ कोक३ चि१ यिन३, यिन४ सिउ३ आन३ आन३’. केसांच्या दोन शेंड्या बांधायच्या वयातली ती मौज, आणि बोलण्या-हसण्यातला तो मोकळेपणा. पुढच्या दोन ओळी ‘तान३ तान३’ आणि ‘फान२’ने संपतात. आन, तान, फान हे यमक कँटोनीजमध्ये मोठ्याने वाचले की स्वच्छ ऐकू येते. मँडरिनमध्ये पहिला शब्द ‘येन’ झाल्याने ते तुटते. तरी एक खबरदारी घ्या. ‘निवांत’ या अर्थी जुन्या ग्रंथांत ही दोन अक्षरे एकमेकांच्या जागीही लिहिलेली सापडतात, तेव्हा हस्तलिखिताची चूक ठरवण्याआधी टीका पाहावी.

प्रश्न : ऐतिहासिक कादंबरीच्या अनुवादात ‘आन३ का३’ आले. शब्दशः ‘रथ उशिरा’. संदर्भ मृत्यूचा आहे. आजच्या शोकसंदेशात हा शब्द वापरता येईल का?

उत्तर : नाही, कधीच नाही. हा शब्द फक्त राजा किंवा सम्राटाच्या मृत्यूसाठी आहे. राजा पहाटे उठून दरबारात यायचा. तो गेला, तरी सेवकांच्या मनाला ते पटत नाही. स्वारी निघणारच आहे, आज जरा उशीर झाला इतकेच, अशी ही समजूत. जुन्या टीकाकारांनी हाच उलगडा केला आहे. सिमा छिएनच्या इतिहासात ‘राजवाड्याचा रथ एखाद्या दिवशी उशिरा निघाला तर’ असे शब्द येतात, आणि बोलणारा तिथे राजा हयात असताना त्याच्या मृत्यूच्या शक्यतेविषयी बोलतो आहे. थेट शब्द उच्चारणे धोक्याचे असल्याने हा आडोसा.

मराठीत आपल्याला ‘स्वारी’ हा शब्द आयता मिळाला आहे. तो लवाजम्यालाही लागतो आणि खुद्द व्यक्तीलाही, आणि चिनी ‘का३’चेही तसेच आहे. पहिल्या उल्लेखाला ‘महाराजांची स्वारी आज निघाली नाही’ असे काही करून संदर्भातून मृत्यू उघड होऊ द्यावा, पुढे ‘महाराज गेल्यावर’ पुरते. ‘कैलासवासी’, ‘वैकुंठवासी’ टाळावेत, त्यांनी चिनी दरबारात भलतेच देव येतात.

प्रश्न : हाँगकाँगच्या मालिकांत हा शब्द ऐकू येतो, पण खालच्या ओळीत अक्षर दिसत नाही. तो मरत चालला आहे का?

उत्तर : हाँगकाँगची उपशीर्षके बहुधा प्रमाण लिखित चिनीत असतात. पात्र ‘आन३ चौ३’ म्हणते आणि खाली ‘दुपार’साठीचा प्रमाण शब्द उमटतो. म्हणून कान आणि डोळा यांची गाठ पडत नाही. लोक एकमेकांना पाठवतात त्या बोलीतल्या संदेशांत मात्र अक्षर दिसते. ‘आन३ चौ३’ अजून अगदी रुळलेला आहे. ‘सिक६ आन३’ हळूहळू वडीलधाऱ्यांच्या तोंडी उरतो आहे, कार्यालयातली तरुण मंडळी त्या जागी इंग्रजी ‘लंच’ घालून ‘सिक६ लंच’ म्हणतात. कार्यालयीन पत्रात दोन्ही नकोत, तिथे प्रमाण चिनी शब्दच लिहावा.

प्रश्न : म्हणजे कँटोनीज हीच सर्वांत जुनी, शुद्ध चिनी, असे म्हणता येईल?

उत्तर : या शब्दावरून तरी नाही. ‘उशीर’ या अर्थी तो सिचुआन आणि हुनानच्या बोलींतही आहे, शांघायच्या परिसरातही आहे. उत्तरेकडच्या बोलण्यातून तो मागे पडला, एवढेच खरे.

प्रश्न : हे आडनावही आहे का?

उत्तर : आहे. इसवी सनापूर्वी सहाव्या शतकातला छी राज्याचा मंत्री येन यिंग आणि सुंग काळातला कवी येन शू (९९१–१०५५) हे या आडनावाचे. मराठीत ‘येन’ एवढेच लिहिले तर घोळ होतो, कारण मँडरिनमध्ये वेगळ्या सुराची आणखी तीन ठळक आडनावेही ‘येन’च आहेत. कँटोनीजमध्ये हे आडनाव ‘आन३’, त्या तिघांपैकी एक ‘ङान४’ आणि उरलेली दोन ‘यिम४’. अनुवादात पहिल्या उल्लेखाला मूळ अक्षर कोणते ते तळटिपेत सांगितले, तर पुढे माणसांची अदलाबदल होत नाही.